झेंडू केशरी, मग रंग पिवळा का?

आजचा भाग ऐकायचा राहिला असेल तर हा घ्या लिहिलेला. बसमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, कुठेही वाचा.

माझे बाबा भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. गेल्या खंडेनवमीला त्यांनी मशीनला शेवटचा हार घातला, महिनाअखेरीला रिटायरमेंट होती. भोसरी-चाकण पट्ट्यात ज्यांच्या घरचं कुणी कामाला आहे, त्यांना हे चित्र माहीत असेल. ऑइलचा वास, मशीनवर हळद-कुंकू, झेंडूचे हार, पेढे. दोन दिवसांनी तेच हार पोत्यात. बाबांनी मात्र आपला हार पिशवीत घालून घरी आणला. आई म्हणाली, "आता याचं काय करायचं?" मी म्हटलं, "रंग करू."

आम्हा कोडवाल्यांना वाटतं, स्टेप्स बरोबर असल्या की आउटपुट येणारच. पाकळ्या उकळल्या, पाणी ब्रशने कागदावर लावलं. वाळल्यावर चहा सांडल्यासारखा डाग. आणि तोही पिवळा! हार तर चांगला केशरी होता.

मग जरा अभ्यास केला. झेंडूचा केशरीपणा मुख्यतः ल्युटीन आणि त्याच्या भावंडांमुळे असतो. ही द्रव्यं तेलात विरघळतात, पाण्यात नाही. झेंडूतून काढलेलं हेच ल्युटीन कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, अंड्याचा बलक गडद दिसावा म्हणून. पाण्यात उतरतात ती वेगळी, फ्लेवोनॉइड जातीची पिवळी द्रव्यं. म्हणजे फुलावर जो रंग आपल्याला दिसतो तो चोथ्यातच राहतो, आणि भांड्यात येतो तो त्याच्याआड लपलेला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाण्यात विरघळलेला रंग म्हणजे डाय. साखरेसारखा. तो कागदात मुरतो, पसरतो. पेंटला लागतं पिगमेंट, म्हणजे वाळूसारखी न विरघळणारी बारीक पूड, जी कागदावर बसते. मग साखरेची वाळू करायची कशी? उत्तर बाबांच्या दाढीच्या डब्यात होतं. तुरटी!

आता कृती. १०० ग्रॅम ताज्या पाकळ्या, १ लिटर पाणी, स्टीलचं मोठं पातेलं. ॲल्युमिनियमचं नको, आणि हे पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. मंद आचेवर पाऊण तास ठेवा, खळखळ उकळू देऊ नका. गाळा. गरम पाण्यातच १० ग्रॅम तुरटी विरघळवा. दुसऱ्या भांड्यात धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवा आणि चमचा-चमचा करत रंगात ओता. भसाभसा फेस येईल, तो कार्बन डायऑक्साइड. घाई केलीत तर ओटा पुसत बसाल. फेस येणं थांबलं की सोडा थांबवा, जास्त झाला तर रंग तपकिरीकडे झुकतो.

आत काय होतं? तुरटीतलं ॲल्युमिनियम सोड्यामुळे पांढऱ्या गाळासारखं बाहेर पडतं आणि पिवळं द्रव्य त्याला घट्ट धरून बसतं. अशा रंगाला 'लेक पिगमेंट' म्हणतात. रात्रभर ठेवा, गाळ खाली बसेल. वरचं पाणी ओता, दोनदा नवं पाणी घालून धुवा, सुती कापडातून गाळा, सावलीत वाळवा, खलात घोटा. मग बाभळीच्या डिंकाचं दाट पाणी आणि थेंबभर मध घालून पुन्हा घोटा. झाला वॉटरकलर. एक सांगतो, बाजारातल्या फुलांवर फवारणी झालेली असू शकते. त्यामुळे हा रंग कागदासाठीच, रंगपंचमीला तोंडाला लावायला नाही.

बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो क्वालिटी चेकवाल्याचा: "टिकणार किती?"

टेस्ट सोपी आहे. रंगाची एक पट्टी ओढा, अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा लावा आणि उन्हाच्या खिडकीत ठेवा. तीन आठवड्यांनी पुठ्ठा काढला. झाकलेला भाग तसाच पिवळा, उघडा भाग फिकट, मातकट. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगाचे रेणू तुटतात. चाकणमध्ये बनणाऱ्या गाड्यांच्या रंगावरही याचसाठी वरून पारदर्शक थर असतो, त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्यं घालतात. अजिंठ्याची चित्रं शतकानुशतकं टिकली त्यात गेरू आणि पिवळ्या मातीसारख्या खनिज रंगांचा मोठा वाटा आहे. फुलातला रंग तसा नसतो. 'नैसर्गिक' आणि 'टिकाऊ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकणारे त्या एकत्र सांगतात, तेव्हा पट्टी ओढून बघायची.

मी जरा नाराज झालो. त्या हारातून काहीतरी कायमचं करायचं होतं मला. बाबांनी काही न बोलता ड्रॉइंगची वही काढली, पेन्सिलने लेथचा चक काढला, तीन जबड्यांसकट, हातानेच अगदी मापात. वरून हार काढला आणि आपला पिवळा भरला.

मी म्हटलं, "फ्रेम करू?"

"नको. शिफ्ट संपली की मशीन झाकूनच ठेवायचो ना? हेही झाकून ठेव."

चित्र वहीत, वही कपाटात. बघावंसं वाटलं की काढतो, पुन्हा ठेवतो. पिवळा अजून तसाच आहे.

येत्या दसऱ्याला हार फेकण्याआधी १०० ग्रॅम पाकळ्या बाजूला काढा. आणि पट्टीची टेस्ट विसरू नका. भेटू पुढच्या भागात!