हृदयविफलतेचे ज्येष्ठ रुग्ण आणि विद्युत स्नायू-उद्दीपन

प्रस्तावना : राळेगणसिद्धी (ता. पारनेर) येथे १९७५ नंतर श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोट विकासाची कामे झाली. नालाबांध व पाझर तलावांसाठी ग्रामस्थांनी श्रमदान केले. त्या वेळी पंचविशीत असलेली पिढी आज पंचाहत्तरीला पोहोचली आहे. कष्टकरी गावात वार्धक्य पायांतील बळावरून मोजले जाते : शेताच्या बांधापर्यंत जाता येते का, जमिनीवरून आधाराविना उठता येते का? हृदयविफलता, म्हणजेच हार्ट फेल्युअर, या विकारात नेमके हेच बळ ओसरते. ज्यांना व्यायाम झेपत नाही अशा ज्येष्ठ रुग्णांना विद्युत स्नायू-उद्दीपन कितपत उपयुक्त ठरते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दुर्बलतेचे मूळ : हृदयविफलता म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे, शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची त्याची क्षमता उणावणे होय. धाप लागते म्हणून रुग्ण हालचाल टाळतो. हालचालीअभावी मांडी व पोटरीचे स्नायू झिजतात, त्यांतील दीर्घकाळ काम करणारे तंतू घटतात आणि अल्प श्रमानेही अधिक धाप लागते. त्यामुळे औषधोपचाराने हृदयाचे कार्य सुधारले तरी चालण्याची शक्ती त्याच प्रमाणात परत येतेच असे नाही.

कार्यपद्धती : या उपचारात मांडीच्या पुढील भागावर व पोटरीवर इलेक्ट्रोड चिकटवून सौम्य स्पंदित विद्युतप्रवाह दिला जातो. चेतातंतू उद्दीपित होऊन स्नायू काही सेकंद आकुंचन पावतो व पुन्हा शिथिल होतो. सामान्यतः १० ते ५० हर्ट्झ वारंवारतेचा प्रवाह रोज ३० ते ६० मिनिटे, आठवड्यातून किमान पाच दिवस, काही आठवडे दिला जातो. वेदनाशमनासाठी वापरले जाणारे टेन्स यंत्र याहून भिन्न होय. तेथे स्नायूचे आकुंचन हा हेतू नसतो.

पुरावा व मर्यादा : एडिंबरा येथील २००३ च्या अभ्यासात ४६ रुग्णांपैकी काहींना सायकलचा व्यायाम, तर काहींना घरीच पायांचे विद्युत-उद्दीपन सहा आठवडे देण्यात आले. दोन्ही गटांचे सहा मिनिटांत चालण्याचे अंतर वाढले. तथापि, ज्यांना व्यायाम शक्य आहे त्यांच्यासाठी प्रत्यक्ष व्यायामच अधिक लाभदायक असल्याचे नंतरच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसते. उद्दीपनाने आयुर्मान वाढते, असेही सिद्ध झालेले नाही. अमेरिकेतील २०२१ च्या चाचणीत साठ वर्षांवरील ३४९ रुग्णांचा समावेश होता. तीत बळ, तोल, चालणे व दम यांच्या प्रशिक्षणाने शारीरिक क्षमता सुधारली. मात्र पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही.

दक्षता : पेसमेकर किंवा हृदयात बसविलेले शॉक देणारे यंत्र असल्यास हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीविना हा उपचार करू नये. पायातील शिरेत नुकतीच झालेली रक्ताची गुठळी, अनियंत्रित हृदयलय व इलेक्ट्रोडच्या जागी असलेली जखम हीही निषेधाची कारणे होत.

समारोप : अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी व विळद घाट येथे भौतिकोपचार महाविद्यालये आहेत. तज्ज्ञांनी प्रवाहाची मात्रा निश्चित करून कुटुंबीयांना पद्धत शिकविल्यास छोट्या यंत्राने हा उपचार घरीही चालू शकतो. परंतु खाटेवर पडून घेतलेला विद्युतप्रवाह हे साध्य नव्हे. रुग्ण खुर्चीवरून उठू लागला, अंगणात चालू लागला, की उद्दीपनाची जागा व्यायामाने घ्यावी. या उपचाराचे यश रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायांवर किती चालतो, यावरूनच मोजले पाहिजे.