स्पॅनियल पाळण्यापूर्वी

मुलांच्या हट्टापायी पुष्कळ घरांत लांब कानांचे, रेशमी केसांचे स्पॅनियलचे पिल्लू येते. कॉकर स्पॅनियल ही मूळची इंग्लंडमधील शिकारी जात. पूर्ण वाढ झाल्यावर वजन साधारण १२ ते १५ किलो भरते. स्वभाव लाघवी असल्याने तो लहान घरातही रमतो. मात्र सकाळ-संध्याकाळ फिरवून आणावे लागते. तो बारा-चौदा वर्षे जगतो, हे ध्यानात घेऊनच निर्णय घ्यावा.

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. शक्य तर आई पाहावी. ती चिडखोर असल्यास पिल्लू घेऊ नये. पिल्लाचे डोळे स्वच्छ असावेत, कानांना दुर्गंधी नसावी.

या जातीचे मुख्य दुखणे कानाचे. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही. ओलावा साचून, विशेषतः पावसाळ्यात, बुरशी व जंतू वाढतात. कुत्रा सारखे डोके झटकू लागला, कान खाजवू लागला की पशुवैद्यकांना दाखवावे. कानात तेल वगैरे घालण्याचे घरगुती उपाय करू नयेत. आठवड्यातून एकदा कान तपासावेत, आंघोळीनंतर कोरडे करावेत. केस रोज विंचरावेत, म्हणजे गुंता होत नाही आणि गोचीडही लगेच दिसतात. कांदा, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. पार्व्हो, डिस्टेंपर यांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास द्यावी व पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने नियमित टोचून घ्यावी. जंताचे औषधही वेळच्या वेळी द्यावे.

'घरचेच पिल्लू, खेळता खेळता दात लागला' म्हणून दुर्लक्ष करू नका. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस गेले. आता मोजकी इंजेक्शने दंडावर देतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे पिल्लू घरी आणाल त्याच आठवड्यात त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि लसीकरणाचे कार्ड मुलांच्या कार्डाशेजारीच जपून ठेवा.