बूच, भेंडी आणि नाणेघाट

दोनशे लिटरचं लोखंडी पिंप सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गॅरेजच्या मागे तेलाचं, शेतात पाण्याचं, रस्त्याच्या कामावर डांबराचं. त्याच्या वरच्या पत्र्याला दोन भोकं असतात, एक दोन इंचांचं आणि एक पाऊण इंचाचं. मोठ्यातून माल बाहेर येतो, लहानातून हवा आत शिरते. हवेला वाट नसेल तर तेल गचके खात पडतं. दोन्ही भोकांना आट्यांची कडी दाबून बसवतात, तीत बूच फिरवून घट्ट करतात आणि वरून पातळ पत्र्याची टोपी चेपतात. ही टोपी फाडल्याशिवाय बूच निघत नाही. वाटेत कुणी पिंपात हात घातला असेल तर ते पाहताक्षणी कळतं.

जगभरच्या पिंपांना लागणाऱ्या या बुचांचा एक मोठा कारखाना ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडजवळ धानिवलीला आहे. टेक्नोक्राफ्ट इंडस्ट्रीज ही १९७२ साली सुरू झालेली कंपनी तो चालवते आणि बुचांच्या उत्पादनात आपण जगात दुसऱ्या क्रमांकावर आहोत असं सांगते. एखाद्या परक्या बंदरात वंगणाचं पिंप उघडणाऱ्या कामगाराच्या पान्याखाली मुरबाडचं पोलाद असू शकतं. मला हे विलक्षण वाटतं. त्याहून विलक्षण वाटतं ते असं, की पिंप एका देशातलं, बूच दुसऱ्या देशातलं, तेल तिसऱ्याच देशातलं, आणि तरीही आटे बरोबर जुळतात. कारण कडी आणि बूच केवढं असावं, कसं बसावं, याचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलेलं आहे: आयएसओ १५७५०, भाग तिसरा. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी आधीच करून ठेवलेला हा करार आहे.

राज्य मंडळाच्या नववीच्या भूगोलात ‘व्यापार’ नावाचं प्रकरण आहे. आयात, निर्यात, व्यापारसंतुलन या व्याख्या मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. मुरबाड-शहापूरच्या शाळांमध्ये तरी हे प्रकरण वर्गात एक बूच ठेवून सुरू व्हावं असं मला मनापासून वाटतं. आंतरराष्ट्रीय व्यापाराचं कौशल्य म्हणजे अनोळखी माणसाला आपल्यावर विश्वास ठेवता येईल अशी सोय करणं. इंग्रजी बोलणं, ईमेल लिहिणं, डॉलरचा हिशेब करणं ही कौशल्यं लागतातच, पण ती सगळी याच कामासाठी.

बुचाला एक नंबरही आहे, ८३०९. जागतिक सीमाशुल्क संघटनेची एक वर्गवारी १९८८च्या १ जानेवारीपासून लागू आहे. तिला एचएस कोड म्हणतात. जगात विकल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला तिच्यात सहा आकडी क्रमांक आहे, आणि दोनशेहून जास्त देश आणि प्रदेश तो वापरतात. पहिले दोन आकडे प्रकरणाचे, चार आकड्यांनी वस्तूंचा गट कळतो. ८३०९ या गटात झाकणं, बाटल्यांची टोपणं आणि चक्क ‘आट्यांची बुचं’ असा स्पष्ट उल्लेख आहे. तांदूळ १००६, ताजी भेंडी ०७०९, औषधी वनस्पती १२११. म्हणजे भातशेती, भाजीचा मळा आणि शहापूरच्या रानातली गुळवेल, सगळ्यांना जगाच्या वहीत आधीपासून जागा आहे. आपल्या घरात, शेतात, गावच्या कारखान्यात जे जे पिकतं किंवा बनतं त्याचा नंबर शोधायला मुलांना सांगावं. जपानी कस्टम अधिकाऱ्याला गुळवेल हा शब्द ठाऊक नसेल, १२११ ठाऊक असतो.

पिंपाचा जन्मही मुलांना आवडेल असा आहे. नेली ब्लाय ही अमेरिकन पत्रकार १८८९ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कजवळून निघाली आणि ७२ दिवसांत जगाला वळसा घालून परतली. पुढे नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याचा लोखंडी भांड्यांचा कारखाना तिच्याकडे आला. तिथल्या हेन्री वेरहान या कर्मचाऱ्याने पोलादी पिंपाची रचना केली आणि १९०५ साली तिची पेटंटं कारखान्याच्या मालकिणीच्या, म्हणजे नेलीच्या नावे झाली. आजचं पिंप त्याच वंशातलं. 

आता भेंडी. भात निघाल्यावर पाण्याची सोय असलेले मुरबाड-शहापूरचे शेतकरी भेंडी करतात, आणि तिच्यातली काही आखाती देशांकडे आणि युरोपकडे जाते. कोवळी, हिरवीगार, सरळ, एकसारख्या लांबीची. जून झालेली तिथे चालत नाही. पण डोळ्यांना दिसणारी ही परीक्षा सोपी. अवघड परीक्षा न दिसणारी आहे. ज्या कीटकनाशकासाठी युरोपीय संघाने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याच्या अंशाची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम असते. हे गणित वर्गात फळ्यावर करावं. किलोला ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे शंभर किलोला एक मिलिग्रॅम, म्हणजे शंभर टनांना एक ग्रॅम. दहा-दहा टनांचे दहा ट्रक भरून भेंडी, आणि तीत सगळी मिळून एक ग्रॅम औषध! त्याहून जास्त निघालं तर माल परत किंवा नष्ट. भारतीय भेंडीवर युरोपने जादा तपासणी लावली ती अशाच अंशांमुळे.

म्हणून निर्यातीच्या भेंडीची नोंद शेतापासून होते. अपेडा या केंद्रीय संस्थेच्या हॉर्टीनेट प्रणालीत भाज्यांसाठी व्हेजनेट आहे. शेतकरी कृषी खात्याकडे आपलं शेत नोंदवतो, त्या शेताला क्रमांक मिळतो, कोणतं औषध कधी मारलं हे लिहून ठेवावं लागतं. प्रयोगशाळेचा अहवाल आणि वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र मालाबरोबर जातं. युरोपात कुणाला शंका आली तर कागदांचा माग काढत तो मुरबाडच्या एका बांधापर्यंत येऊ शकतो. फवारणीची तारीख वहीत नीट लिहिणारी नववीतली मुलगी घरच्या शेतावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचं काम करत असते. तिला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि त्या वहीबद्दल तिला शाळेत गुणही मिळायला हवेत.

या तालुक्याला हे सगळं नवीन आहे असं समजायचं कारण नाही. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे गाठलं की नाणेघाटाची चढण लागते. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातली बंदरं आणि घाटावरचं जुन्नर यांना जोडणारी ही वाट होती. माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून ओळखला जातो. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाण्यांची मोजदाद त्यात आकड्यांनी केली आहे. २, ४, ६, ७, ९ या अंकांची तिथली रूपं भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी आहेत. पुढे हीच अंकांची परंपरा अरबांमार्फत युरोपात गेली आणि आज ८३०९ लिहायला जग तिचेच वंशज वापरतं. मुरबाडच्या मुलांची सहल या लेण्यापर्यंत गेली आणि हे त्यांना कुणी दाखवलं नाही, तर फार मोठी गोष्ट निसटली असं मी म्हणेन.

याच वाटेवर खाली कल्याण. इसवीसनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी मार्गदर्शिकेत कल्याणचं नाव येतं, आणि तक्रारही येते: सत्ता बदलल्यापासून इथे व्यापाराला अडथळा आहे, चुकून आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेतात. ती जहाजं इजिप्तच्या बंदरांतून जुलैच्या सुमारास निघत, तांबड्या समुद्रातून बाहेर पडत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन इकडे येत. मुरबाडात लावणी चालू असते तेव्हा डोक्यावरून ढग हाकणारा वारा तोच. जहाजांतून मद्याचे कुंभ येत. नेवाशाच्या उत्खननात त्यांचे तुकडे सापडले आहेत. इजिप्तच्या बंदरांत अशा कुंभांची बुचंही मिळाली आहेत, चुन्याचा लेप देऊन वर शिक्का उठवलेली. लेप फुटलेला दिसला की घेणारा सावध होई. धानिवलीच्या पत्र्याच्या टोपीचं कामही हेच.

अडथळेही तसेच आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि अनेक मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून नेली. वर्गात इथे एक प्रश्न टाकावा. न्हावा शेवा बंदरातून बुचांचा कंटेनर युरोपला निघाला आणि जहाज लांबच्या वाटेने वळलं, तर नुकसान कोणाचं?

उत्तर बिलावरच्या तीन अक्षरी अटीत असतं. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने १९३६ साली अशा अटी पहिल्यांदा एकत्र छापल्या. ‘एफओबी न्हावा शेवा’ लिहिलं असेल तर माल जहाजावर चढला की पुढचं भाडं आणि पुढची जोखीम घेणाऱ्याची. ‘सीआयएफ’ असेल तर पोचवायचं भाडं आणि विमा विकणारा भरतो. कल्याणच्या बाजारात भेंडी पाठवताना टेम्पोचं भाडं कोणाकडे हे आधी ठरवतात, त्यामुळे इथवर मुलांना चटकन समजतं. फसायला होतं ते पुढे: सीआयएफमध्येही मालाची जोखीम न्हावा शेव्यालाच घेणाऱ्याकडे जाते. भाडं एकाने भरलं आणि वाटेत माल बुडाला, तर विम्याची भरपाई मागायला दुसऱ्याने जायचं. एका गटाने विकणारा व्हावं, दुसऱ्याने घेणारा, तिसऱ्याने विमा कंपनी, आणि हा वाद कागदपत्रं समोर ठेवून वर्गात मिटवावा. दोन तास सहज लागतील.