रस्ता कडक नको, चिवट हवा

जुन्या रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो आणि वर्ष-दोन वर्षांत त्यावर एक बारीक रेघ उमटते. तिथला थर खरवडला तर खाली, नेमक्या त्याच जागी, जुनी भेग सापडते. नव्या थराने ती झाकली होती, बुजवली नव्हती. चाकांचा भार आणि दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक यांमुळे ती खाली सतत उघडत-मिटत राहिली आणि वरच्या थराला ताण देत देत वर चढली. अमेरिकेतले रस्ते अभियंते यासाठी एक ढोबळ हिशेब सांगतात : अशी भेग वर्षाला साधारण एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर, वर सरकते. वरचा थरच तीन-चार सेंटिमीटरचा असेल, तर किती काळ निभावणार?

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. भेगेतून पावसाचं पाणी शिरतं, खडीवरचं डांबर सुटतं, चाकाखाली एकेक खडा निघतो आणि खड्डा पडतो. म्हणून खड्ड्यांवरचा खरा उपाय भेगेपाशी सुरू होतो आणि भेगेवरचा उपाय मिश्रण ठरवतानाच करावा लागतो.

डांबरी मिश्रणात वजनाने सुमारे ९५ टक्के खडी, कच आणि दगडाची भुकटी असते. डांबर जेमतेम पाच टक्के. पण रस्त्याचा स्वभाव ठरतो तो या पाच टक्क्यांवर. शेंगदाण्याच्या चिक्कीत पाक मऊ राहिला तर वडी दबते, कडक झाला तर ती कडकन मोडते. तसंच इथे. डांबर मऊ किंवा जास्त झालं, तर उन्हाळ्यात अवजड ट्रकखाली रस्ता दबतो आणि चाकोऱ्या पडतात. कडक किंवा कमी झालं, तर भेगा पडतात. त्यातच हवेतल्या ऑक्सिजनमुळे डांबर दरवर्षी आणखी कडक होत जातं.

या दोन दोषांपैकी चाकोऱ्यांची धास्ती अभियंत्यांना आधीपासून होती. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या महामार्ग विभागात ब्रूस मार्शल यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस एक चाचणी बसवली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी धावपट्ट्यांसाठी ती पक्की केली. मिश्रणाचा ठोकळा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवायचा, मग दाबून किती भार सोसतो ते पाहायचं. आपल्याकडे आजही मिश्रणाची आखणी प्रामुख्याने याच मार्शल पद्धतीने होते. भर उन्हात रस्ता दबेल का, याचा अंदाज ती देते. भेगाळेल का, हे ती सांगत नाही.

१९८७ ते १९९३ या काळात अमेरिकेने १५ कोटी डॉलरचा मोठा रस्ते संशोधन कार्यक्रम राबवला. त्यातून ‘सुपरपेव्ह’ ही नवी पद्धत आली आणि चाकोऱ्यांचा प्रश्न बराच आटोक्यात आला. पण अनेक राज्यांत तक्रार सुरू झाली, की मिश्रणं कोरडी झाली आहेत आणि रस्ते लवकर भेगाळतात. खर्च वाचवण्यासाठी जुन्या रस्त्याचं खरवडलेलं डांबरी मटेरियल नव्यात मिसळलं जाऊ लागलं, त्यातलं वय झालेलं डांबर आणखी कडक. एक दुखणं बरं करताना दुसरं बळावलं.

मग भेगेचीच चाचणी घ्यायची असं ठरलं. टेक्सासमध्ये रॉबर्ट लिटन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस बनवलेलं यंत्र यासाठी कामी आलं. त्यात मिश्रणाचा तुकडा दोन पोलादी पाट्यांवर चिकटवतात. एक पाटी स्थिर. दुसरी दर दहा सेकंदांनी ०.६ मिलिमीटर सरकते आणि परत येते. जुन्या काँक्रीट रस्त्याचा सांधा जसा उघडतो-मिटतो, तसंच. काही मिश्रणं मोजक्याच फेऱ्यांत फाटतात, तर काही हजार फेऱ्या काढतात.

याहून सोपी चाचणी टेक्सास ए अँड एम वाहतूक संस्थेत फुजिए झोऊ यांनी तयार केली : ‘आयडियल-सीटी’. १५० मिलिमीटर व्यासाची, ६२ मिलिमीटर जाडीची चकती २५ अंशांना कडेवर उभी करायची आणि वरून मिनिटाला ५० मिलिमीटर वेगाने दाबायची. मिनिटभरात ती उभी दुभंगते. भार वाढत जातो, शिखर गाठतो आणि उतरू लागतो. सगळं मर्म या उतरणीत आहे. कडक मिश्रणाचं शिखर उंच असेल, पण त्यानंतर भार धाडकन कोसळतो. चिवट मिश्रणाचा भार हळूहळू उतरतो, कारण भेग पडल्यावरही डांबर खडीला धरून असतं. चकती फोडायला किती ऊर्जा लागली आणि उतरण किती तीव्र होती, यावरून गुण ठरतात.

प्रयोगशाळेतले गुण रस्त्यावर खरे ठरतात का? अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाच्या २.७ किलोमीटरच्या चाचणी मार्गावर २०१५ मध्ये सात मिश्रणांचे पट्टे टाकून त्यांवरून भरलेले ट्रक फिरवले. जुनं डांबरी मटेरियल आणि छपराच्या डांबरी पत्र्यांचा चुरा घातलेलं मिश्रण चाचण्यांत तळाला होतं. रस्त्यावरही तेच आधी भेगाळलं. भरपूर पॉलिमर घातलेलं आणि टायरच्या रबराचं मिश्रण दीर्घकाळ शाबूत राहिलं.

आता अमेरिकेतली अनेक राज्यं दोन्ही बाजू तपासतात : आधी चाकोऱ्यांची परीक्षा, मग भेगेची. दोन्हींत उत्तीर्ण होईल तेच मिश्रण. भेगेत गुण कमी पडले तर डांबर थोडं वाढवतात, पॉलिमर किंवा रबर घालतात, नाहीतर जुन्या मटेरियलचं प्रमाण कमी करतात. जुन्या भेगांवर थर टाकायचा असेल, तर मध्ये डांबर जास्त असलेला लवचीक पातळ थर देतात. आणि रोलिंग! दाबून आतली हवेची पोकळी एका टक्क्याने कमी केली, तरी रस्त्याचं आयुष्य सुमारे दहा टक्क्यांनी वाढू शकतं. हे काम मिश्रण गरम आहे तोवरच होतं.

महाराष्ट्राला यात फार मोठी गुंतवणूक करावी लागणार नाही. मार्शल चाचणीचा वेगही मिनिटाला ५० मिलिमीटरच आहे. त्या यंत्राला योग्य साचा आणि भाराची सलग नोंद घेणारी सोय जोडली, की भेगेची चाचणी घेता येते. तेव्हा पालिका असो वा बांधकाम विभाग, पुनर्डांबरीकरणाच्या प्रत्येक निविदेत थराच्या जाडीसोबत भेगेच्या चाचणीचे किमान गुणही लिहिले जावेत. आणि आपल्या गल्लीत रोलर येईल, तेव्हा नगरसेवकाला नागरिकांनी जरूर विचारावं : या मिश्रणाची भेगेची चाचणी झाली आहे का?