आजोबांचे बोट ‘पे’वर का अडते?

भाजीच्या गाडीवर कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये द्यायचे असले, तरी नातू मोबाइल काढतो. शेजारी उभे असलेले आजोबा मात्र पाकिटातली नोट शोधतात. स्मार्टफोन दोघांकडेही आहे, बँकेत खाते दोघांचेही आहे. मग फरक कुठे पडतो?

उत्तर केवळ वयात नाही. अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार, नवे तंत्रज्ञान स्वीकारताना माणूस दोन गोष्टी तोलतो : त्याचा उपयोग किती आणि ते वापरायला सोपे किती. पुढे २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश व सहकाऱ्यांनी आणखी दोन घटक ठळक केले. आसपासची माणसे काय करतात आणि अडल्यावर मदत मिळते का?

२०१६ मध्ये आलेली ‘यूपीआय’ या कसोट्यांवर उतरली. सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, खाते क्रमांक पाठ करण्याची गरज उरली नाही. दुकानातल्या ‘साउंडबॉक्स’ने पैसे मिळाल्याचे मोठ्याने सांगितले आणि दुकानदाराचाही भरवसा बसला.

ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र भीतीचे पारडे जड होते. तेवढ्याच रकमेच्या लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला अधिक जाणवते, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडले होते. चुकून एक शून्य जास्त पडले तर? आयुष्यभराची पुंजी गेली तर? त्यात चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसते. मोतीबिंदू असेल, तर फिकट रंगातली बारीक अक्षरे वाचणे आणखी कठीण. म्हणजे ‘आजोबांना जमत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा त्यांना नीट दिसतच नसते.

यावर उपाय घरातच आहे. फोन हातातून ओढून घेऊन ‘द्या, मी करतो’ म्हणू नका. अक्षरे मोठी करून द्या. वेगळ्या खात्यात थोडीच रक्कम ठेवून आधी घरच्याच माणसाला एक रुपया पाठवू द्या. साध्या फोनसाठी २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’ची सोय आहे.

एक नियम मात्र पक्का लक्षात ठेवायला सांगा : पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. तरीही फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. घरचे रागावणार नाहीत, एवढी खात्री असली तर तो फोन वेळेत होतो.