शेट्टीहळ्ळीचे जलमग्न चर्च

कर्नाटकातील हासन शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, हेमावती जलाशयाच्या काठी, शेट्टीहळ्ळीच्या रोझरी चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. फ्रेंच मिशनऱ्यांनी १८६० च्या सुमारास बांधलेले हे ग्रामीण प्रार्थनास्थळ कित्येक दशके ओस पडलेले असले, तरी कलात्मक छायाचित्रणाच्या, म्हणजेच घटनेची नोंद करण्यापेक्षा प्रकाश, आकार आणि पोत यांच्या रचनेतून स्वतःची दृष्टी मांडणाऱ्या छायाचित्रणाच्या, अभ्यासकांना ते सातत्याने आकर्षित करत आले आहे.

चर्च ओस पडण्याचे कारण धरणात आहे. कावेरीची उपनदी असलेल्या हेमावतीवर गोरूर येथे बांधलेले धरण १९७९ मध्ये पूर्ण झाले, आसपासची वस्ती आणि शेती बुडिताखाली गेली, ग्रामस्थांना अन्यत्र जावे लागले आणि भाविकच न उरल्याने चर्चचा वापर थांबला. तेव्हापासून चांगल्या पावसाच्या वर्षी जलाशय भरला की इमारतीचा केवळ वरचा भाग पाण्याबाहेर राहतो, तर उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर भेगाळलेल्या गाळावरून थेट वेदीच्या जागेपर्यंत चालत जाता येते.

वास्तू गॉथिक शैलीची आहे. टोकदार कमानी, उंच व अरुंद खिडक्या आणि नजरेला वर नेणाऱ्या उभ्या रेषा ही या शैलीची ओळख होय. छप्पर नाहीसे झाल्यामुळे एरवी मंद उजेडाचा राहिला असता अशा अंतर्भागात आता सरळ आकाशातून ऊन उतरते, आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या किरणांत गिलावा निघालेल्या विटांचा खडबडीतपणा ठळक होतो. चर्चचे अंतरंग हा छायाचित्रणकलेचा जुनाच विषय असून, इंग्रज छायाचित्रकार फ्रेडरिक एव्हन्स यांनी १९०३ मध्ये वेल्स कॅथेड्रलच्या झिजलेल्या पायऱ्यांचे टिपलेले छायाचित्र आजही त्याचा आदर्श नमुना मानले जाते. मात्र एव्हन्स यांच्यासमोर नांदते चर्च होते, तर शेट्टीहळ्ळीत पाण्याची पातळीच चित्राची चौकट दर महिन्याला बदलते.

पावसाळ्यात येथे दीर्घ उद्भासनाचे तंत्र, म्हणजे कॅमेऱ्याचे झडप बराच वेळ उघडे ठेवणे, विशेष उपयोगी पडते. त्यासाठी भिंगापुढे प्रकाश सुमारे हजारपटीने कमी करणारा गडद फिल्टर लावला, तर एक-साठांश सेकंदाचे उद्भासन सुमारे सतरा सेकंदांपर्यंत वाढवता येते, लाटा विरून पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो आणि स्थिर भिंती त्यावर अधिक भारदस्त वाटतात. अर्थात तिवई भक्कम जमिनीवर असावी लागते. हलत्या होडीतून हा प्रयोग साधत नाही. उन्हाळ्यात जवळून चित्र घेताना कॅमेरा वर कलवला तर उभ्या भिंती एकमेकींकडे झुकल्यासारख्या दिसतात, म्हणून तो समपातळीत ठेवून दूर जाणे किंवा दृष्टिकोन सुधारणारे शिफ्ट भिंग वापरणे श्रेयस्कर ठरते.

या सौंदर्यामागचा विरोधाभास मात्र नजरेआड करता येत नाही, कारण जे पाणी प्रतिबिंब देते तेच दरवर्षी भिजण्या-वाळण्याच्या फेऱ्यांतून चुना आणि विटा खिळखिळ्या करते, शिवाय त्याच पाण्याखाली लोकांची शेतेही गेली आहेत. गोव्यातील साळावली धरणात बुडालेले आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येणारे कुर्डी गाव मराठी वाचकांना परिचित असेल. तेथे विस्थापित कुटुंबे आपल्या देवस्थानी पुन्हा जमतात, त्यामुळे अवशेषांना माणसांचा संदर्भ उरतो. शेट्टीहळ्ळीच्या बहुतेक चित्रांतून तो हरवतो आणि उरते केवळ रम्य उदासी. एकाच जागेवरून, निरनिराळ्या ऋतूंत आणि वर्षांत घेतलेली चित्रमालिका या दोषावर उत्तर ठरू शकते, कारण ती कलाकृती असतानाच ढासळत्या वास्तूचा पुरावाही होते.

जुलै ते ऑक्टोबर हा बुडालेले चर्च पाहण्याचा साधारण काळ असून, ते पूर्ण उघडे पाहायचे असल्यास उन्हाळा योग्य. भिंती कमकुवत झाल्या असल्याने त्यांवर चढणे किंवा कमानींखाली रेंगाळणे प्रत्येकाने टाळावे.