पडद्यावरचे चित्र कोण रंगवते आहे?

फुल एचडी पडद्यावर 20,73,600 ठिपके असतात. गेम सेकंदाला 60 चित्रांच्या वेगाने चालायचा, तर हे सगळे ठिपके सेकंदात 60 वेळा नव्याने रंगवावे लागतात. म्हणजे दर सेकंदाला 12 कोटींहून अधिक ठिपके, आणि एका चित्रासाठी हाताशी जेमतेम 17 मिलिसेकंद! हे काम ग्राफिक्स कार्डाचे. त्यातली शेकडो-हजारो छोटी गणनयंत्रे एकाच वेळी राबतात, म्हणून ते जमते.

पण गेमला कार्डाची भाषा येत नाही. गेम आपली मागणी ‘ओपनजीएल’ किंवा ‘व्हल्कन’ या ठरलेल्या बोलीत मांडतो. ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामचा वरचा भाग तिचे कार्डाला कळतील अशा आज्ञांत रूपांतर करतो. लिनक्सवर एएमडी आणि इंटेलच्या कार्डांसाठी हे काम ‘मेसा’ हा मुक्त प्रकल्प करतो. ड्रायव्हरचा खालचा भाग कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बसून त्या आज्ञा कार्डापर्यंत पोहोचवतो. विंडोजसाठी लिहिलेला गेम असेल तर आणखी एक दुभाषा लागतो. व्हॉल्व्ह कंपनीने 2018 मध्ये आणलेला ‘प्रोटॉन’ तो हाच.

या साखळीतली कर्नलमधली कडी तुटली, तरी पडदा बहुधा काळा होत नाही. मेसाकडे ‘एलएलव्हीएमपाइप’ नावाची राखीव सोय आहे. कार्ड हाती लागले नाही की ती सगळे चित्र मुख्य प्रोसेसरकडून रंगवून घेते. डेस्कटॉप उघडतो, ब्राउझर चालतो, काही चुकल्याची सूचनाही येत नाही. गेम मात्र रखडतो आणि प्रोसेसरचा पंखा घोंघावू लागतो. मग वापरकर्ता गेमला किंवा कार्डाला दोष देतो आणि लिनक्स पुसून पुन्हा बसवतो.

त्याआधी टर्मिनलमध्ये ‘जीएलएक्सइन्फो’ चालवून ‘रेंडरर’ची ओळ वाचावी. तिथे एलएलव्हीएमपाइप दिसले, तर चित्र कार्ड काढत नाही हे नक्की. मग ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ पर्यायासह द्यावी. कार्डाच्या नावाखाली कोणता कर्नल ड्रायव्हर कामावर आहे ते कळते. ती जागा रिकामी असेल, तर बिघाड कर्नलच्या पातळीवर आहे.

हे एनव्हीडियाच्या कार्डांबाबत जास्त घडते. कंपनीचा ड्रायव्हर मूळ कर्नलचा भाग नसल्याने प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो नव्याने जुळवावा लागतो. कर्नलची हेडर पॅकेजेस नसतील तर ही जुळणी फसते. अशा वेळी सुरुवातीच्या मेनूतून आधीचा कर्नल निवडावा. त्यावर गेम नीट चालला, तर कारण सापडलेच. दुसरा अडसर सिक्युअर बूटचा. तो चालू असेल, तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. ड्रायव्हर बसवल्यानंतरच्या पहिल्या रीस्टार्टला येणारा निळा पडदा या सहीची किल्ली नोंदवून घेण्यासाठी असतो. घाईत तो टाळला, तर ड्रायव्हर डिस्कवर असूनही दाराबाहेरच राहतो.

रेंडररच्या ओळीत कार्डाचेच नाव असेल, तर कर्नलकडून लक्ष काढून वर पाहावे. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील, तर गेम कदाचित कमी ताकदीच्या चिपवर चालत असेल. जुना गेम उघडतच नसेल, तर ड्रायव्हरच्या 32 बिट लायब्ररी आहेत का ते तपासावे. नवा गेम सुरुवातीची काही मिनिटेच अडखळत असेल, तर तो बिघाड नसतो; कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम, म्हणजे शेडर, तेव्हा तयार होत असतात.

ड्रायव्हर आपल्या लिनक्स वितरणाच्या भांडारातूनच घ्यावा. कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल पुढच्या अपडेटला अनेकदा अडचण करते. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपून ठेवावा. लिनक्स आपल्या प्रत्येक कडीची अवस्था उघडपणे सांगते. पुन्हा सगळे पुसण्याआधी रेंडररची ती एक ओळ वाचा.